बालकर्करोग आणि मोडलेला कोयता

संत गाडगे महाराजांनी आयुष्यभर धर्मशाळा उभारल्या. १९५६ साली त्यांचे निधन झाले. परंतु त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना आजही आसरा देते. सेंट ज्यूड संस्था २००६ पासून कर्करोगग्रस्त मुलांना आईवडिलांसह विनामूल्य निवास देत आली आहे. या सेवेचे मोल वादातीत आहे. मात्र धर्मशाळेपर्यंत पोहोचलेल्या जालन्याच्या मजुराला तेथे टिकून राहता येते काय?

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचार बहुधा दोन ते तीन वर्षे चालतात. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. आपल्याकडे कित्येकांचे उपचार अर्ध्यावर सुटतात, आणि दोष पालकांच्या अज्ञानावर ढकलला जातो. हा सोयीचा समज आहे. घनसावंगी वा मंठ्याच्या ऊसतोड कुटुंबाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आई मुलाजवळ थांबली की कोयता मोडतो, उचल अंगावर राहते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयाचा खर्च भागविते. बुडालेल्या मजुरीचा तीत विचारच नाही.

क्षयरुग्णांच्या खात्यात पोषणासाठी २०१८ पासून सरकारी पैसा जमा होतो. तेव्हा तत्त्वाची अडचण नाही. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने आजारी मुलाची शुश्रूषा हे काम मानावे व त्या आईला हमीच्या दराने मजुरी द्यावी. जालन्यातील कार्यकर्त्यांनी ही मागणी येत्या गळीत हंगामापूर्वी, उचलींचे वाटप सुरू होण्याआधीच, लावून धरावी.