न सापडलेल्या हरणाची गोष्ट

या रविवारी अंधार पडला आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या बहुतेक भागांत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा मोसम संपला. सप्टेंबरच्या मध्याला, रान अजून हिरवे असताना तो उघडतो आणि ६ जानेवारीच्या जवळच्या रविवारी, कडाक्याच्या थंडीत मिटतो. बंदूकवाल्यांच्या मुख्य मोसमाला नोव्हेंबरअखेरीचे नऊ दिवस मिळतात. धनुर्धाऱ्यांना पावणेचार महिने. आता धनुष्ये खुंटीला लागली आहेत, मांसाच्या पुड्या फ्रीजरमध्ये रचून झाल्या आहेत आणि सांगण्याचे दिवस आले आहेत. गॅरेजात सॉसेज भरताना, तिरंदाजी क्लबच्या बाकांवर, गावातल्या टॅव्हर्नमध्ये एकेक जण आपला मोसम सांगत असतो. या सांगण्याविषयी आज लिहायचे आहे, कारण या शिकारीत जे जपण्यासारखे आहे ते, आमच्या मते, या सांगण्याच्याच आधाराने टिकले आहे.

बाहेरच्या माणसाला वाटते, या गोष्टींत रक्तपातच असणार. पण चांगल्या गोष्टीत हरीण पडते ते शेवटी कुठेतरी, दोन वाक्यांत. कित्येक गोष्टींत ते पडतच नाही. सांगितला जातो तो वारा. व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण, हे आपल्या चितळ-सांबरांच्या कुळातले; नराची भरीव शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. हे जनावर नाकावर जगते. माणसाचा वास त्याच्याकडे गेला की सगळी तयारी वाया. म्हणून वारा हरणाकडून माणसाकडे येईल असे झाड निवडायचे, पंधरा-वीस फुटांवर मचाण बांधायचे आणि पट्ट्याने स्वतःला खोडाशी जखडून घ्यायचे. मचाणावरून पडून जायबंदी होणारे शिकारी तिकडे कमी नाहीत, म्हणून या पट्ट्याविषयी नवख्यांना कडक शब्दांत बजावले जाते. पांढऱ्या ओकची फळे कोणत्या आठवड्यात गळायला लागली, नराने कोणत्या रोपट्यावर शिंगे घासून साल काढली, खुराने माती उकरून आपली खूण कुठे ठेवली, हे सगळे गोष्टीत येते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दिवस आखडत जातो तसे नर माजावर येतात. एरवी अंधाराच्या आडोशाने वावरणारा मोठा नर तेव्हा भर दुपारी मादीच्या मागावर उघड्यावर येतो. वर्षभर ज्याच्या खुरांचे फक्त ठसे दिसले, तो अखेर दिसतो तो या दिवसांत.

धनुष्य हातात असले की अंतराचा सगळा अर्थ बदलतो. बाण लांब जातो, पण जबाबदारीने सोडायचा तर बहुतेक जण वीस-तीस यार्डांची मर्यादा पाळतात. इतक्या जवळ आलेल्या हरणाचा श्वास थंडीत दिसतो. मग त्याचे डोके खोडाआड जाईपर्यंत थांबायचे, तेवढ्या क्षणात प्रत्यंचा ओढायची, ते कुशीवर दिसेल तोवर ओढलेली धरून ठेवायची. मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले. त्याच्या टोकांवरच्या चाकांमुळे ओढलेल्या दोरीचा भार बराच हलका होतो. तरीही हालचाल लपवावी लागते ती लागतेच.

गोष्टीचा खरा गाभा बाण सुटल्यानंतर सुरू होतो. बाण मारतो तो रक्तस्रावाने. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तर हरीण काही सेकंदांत, साधारण शंभरेक यार्डांच्या आत पडते. पानांवर सांडलेले रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर बाण फुप्फुसात लागला आहे. काळपट लाल असेल तर यकृतात. मग काही तास थांबायचे. बाणाच्या दांडीवर हिरवट ओल आणि आतड्याचा दर्प असेल तर आणखी कितीतरी अधिक, प्रसंगी दुसऱ्या सकाळपर्यंत. जखमी हरीण जवळच कुठेतरी आडवे होते आणि तिथेच मरते. घाई करून त्याला उठवले तर ते मैलभर जाईल, रक्ताचा माग तुटेल आणि मग ते कुणालाच सापडणार नाही. ज्याने चार तास पाय गारठवून बाण सोडला, त्याला त्या क्षणी काहीही न करता बसून राहायचे असते. जानेवारीत सगळ्यात तपशिलाने सांगितले जातात ते हे तास.

ही परंपरा फार जुनी आहे असे मानू नये. धनुष्य जुने आहे, मोसम नवा. १९०० च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेत व्हाइटटेल हरणे पाच लाखांहून अधिक उरली नव्हती असा अंदाज आहे. बाजारासाठी मांस आणि कातडी विकणाऱ्यांनी ती संपवत आणली होती. मग विक्रीवर बंधने आली, परवाने आले, मोसम ठरले. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत फक्त धनुष्यबाणासाठी स्वतंत्र मोसम ठेवला. आधुनिक अमेरिकेतला तो पहिला मानला जातो. पुढच्याच वर्षी त्याच सॉक काउंटीत आल्डो लिओपोल्ड यांनी एक कस गेलेले शेत विकत घेतले. विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे हे प्राध्यापक स्वतः धनुष्ये घडवून शिकार करणारे होते. त्यांच्या पत्नी एस्टेला उत्तम तिरंदाज होत्या. हरणे वाढून रान खुडून टाकू लागली तेव्हा माद्याही मारायला हव्यात असे लिओपोल्ड सांगत राहिले, आणि १९४३ च्या मोसमात तसे झाल्यावर लोकांचा मोठा रोष त्यांनी सोसला.

त्याहून आधीची एक कहाणी आहे, आणि ती सांगताना जीव जड होतो. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या जमातीची एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तल केली. उरलेला एक माणूस १९११ च्या ऑगस्टमध्ये ओरोव्हिल गावापाशी रानातून बाहेर आला. त्याला इशी म्हणत. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्याला ठेवले, आणि शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यविशारद सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला, बाण सोडायला, रानात थांबायला शिकले. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. पोप यांचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरचे पुस्तक १९२३ मध्ये आले आणि त्यातून एक पिढी या वाटेला लागली. ज्यांनी त्या जमातीचे रान आणि माणसे नाहीशी केली, त्यांच्याच वंशजांच्या हाती तिच्या शेवटच्या माणसाची विद्या आली. आजच्या प्रत्येक धनुर्धाऱ्याने हे ऋण नाव घेऊन सांगितले पाहिजे.

लिओपोल्ड यांनी शिकाऱ्याविषयी एक मुद्दा मांडला आहे, तो आम्हाला या सगळ्याची किल्ली वाटतो. इतर खेळांत प्रेक्षक असतात, टाळ्या पडतात, शिव्याही पडतात. शिकाऱ्याला प्रेक्षक नसतो, तो काय करतो ते त्याचे त्यालाच ठाऊक. मग अंतर फार होते तरी बाण सोडला का? रक्त काळपट होते तरी वाट न पाहता मागे धावला का? अंधार पडला म्हणून शोध अर्ध्यावर सोडला का? विचारणारे कोणी नसते. विस्कॉन्सिनमध्ये सापडलेल्या प्रत्येक हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. नियम चोख आहे. पण जे हरीण बाण घेऊन गेले आणि सापडले नाही, त्याची या नोंदीत जागाच नाही.

अशी हरणे किती? मेरीलँडमधल्या एका नौदलाच्या तळावर अनेक वर्षे काटेकोर हिशेब ठेवला गेला. तिथले धनुर्धारी परीक्षा देऊन आलेले होते. तरी बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हाती आली नाहीत. त्यांतली काही जखम भरून जगली असतील, सगळी नक्कीच नाहीत. नेमबाजीची चाचणी पार केलेल्यांचा हा आकडा आहे हे लक्षात ठेवावे.

म्हणून जो माणूस चारचौघांत सांगतो की बाण फार मागे, पोटात लागला, मी वेळेआधीच मागावर निघालो, दोन दिवस शोधले आणि हरीण सापडले नाही, त्याची गोष्ट आम्हाला मोठ्या शिंगांच्या नरापेक्षा मोलाची वाटते. ती ऐकणारा पोरगा पुढच्या मोसमात वाईट कोनातून बाण सोडणार नाही, निदान सोडण्याआधी थबकेल. सरकारी नोंदीत नसलेले ते हरीण अशा वेळी निदान दहा माणसांच्या हिशेबात येते. लिओपोल्ड यांना रानात जे प्रेक्षक दिसले नाहीत ते इथे, दोन महिन्यांनी का होईना, भेटतात. पण सांगणारा खरे बोलला तरच.

मराठी वाचक विचारील, मारायचेच कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. अमेरिकेत व्हाइटटेल हरणांची संख्या आज तीन कोटींच्या घरात आहे. लांडगा १९६० च्या सुमारास विस्कॉन्सिनमधून नाहीसा झाला होता. नंतर मिनेसोटाकडून तो परतला, पण राज्याच्या दक्षिणेतल्या शेतीभागात हरणांना आवरील इतका नाही. देशभरात दरवर्षी दहा लाखांहून अधिक गाड्या हरणांवर आदळतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सांगायला नको. परसातले ट्यूलिप आणि गुलाब कोण खाते ते त्यांना ठाऊक आहे. त्या राज्याने २०१० मध्ये घरांपासून धनुर्धाऱ्याने ठेवायचे अंतर ४५० फुटांवरून १५० फुटांवर आणले, कारण वस्तीत बंदूक चालवता येत नाही आणि हरणे वस्तीतच आहेत. मांस वाया जात नाही. विस्कॉन्सिनमध्ये २००० सालापासून हरणे गरजूंच्या अन्नकोठारांना देण्याची व्यवस्था आहे. २००२ मध्ये त्या राज्याच्या हरणांत मेंदू पोखरणारा सीडब्ल्यूडी हा रोग आढळला, तेव्हापासून पुष्कळ शिकारी तपासणीसाठी नमुना देतात आणि निकाल येईपर्यंत मांसाला हात लावत नाहीत.

पैशाची बाजूही आहे. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राज्यांना द्यायला सुरुवात झाली. १९७२ च्या कायद्याने ११ टक्क्यांचा तो कर धनुष्य-बाणांवरही लावायचे ठरले. त्याच वर्षी भारताने वन्यजीव संरक्षण कायदा केला आणि शिकारीची दारे लावायला सुरुवात केली. आम्हाला ती दारे पुन्हा उघडायला नको आहेत. आपल्या रानात वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे आहेत आणि चितळ-सांबर हे त्यांचे अन्न आहे. विस्कॉन्सिनचा हिशेब ताडोब्याला लागू पडत नाही.

पण दार लावताना आपण एक गोष्ट बाहेर ठेवली. फासेपारध्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याच्या चौकटीत गुन्हेगार ठरवले, १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून निघाला, आणि वीस वर्षांनी आलेल्या कायद्याने त्यांची पारधच बेकायदा ठरू लागली. त्यांना दुसरे काम मिळाले का, हे पाहायला फारसे कोणी गेले नाही. ते जनावराविषयी काय जाणतात हे विचारायलाही नाही. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करताना आदिवासी आणि पारध्यांजवळ बसून ऐकत आणि लिहून ठेवत. त्यांचे काम मोठे आहे, पण ते एका माणसाचे काम आहे. विस्कॉन्सिनचे शेतकरी, शिक्षक, सुतार दर जानेवारीत रानाविषयी एकमेकांना सांगतात, आणि तिथले वन्यजीवखाते शिकाऱ्यांकडून निरीक्षणे मागवून वापरते. पारध्यांची निरीक्षणे आपल्या खात्याने मागवावीत, त्यांचे मोल द्यावे. त्यासाठी एकही जनावर मारावे लागत नाही.

तिकडेही सांगणे आखडते आहे. झाडाला लावलेला कॅमेरा हरणाचे चित्र थेट फोनवर पाठवतो. २०१४ पासून विस्कॉन्सिनमध्ये क्रॉसबो सगळ्यांना खुला झाला. त्याने वयस्कर आणि अधू शिकाऱ्यांची सोय केली, पण सरावाचे महिनेही कमी केले. आणि फोनवर एकमेकांना जाते ते मेलेल्या नराची शिंगे हातात धरलेले छायाचित्र. छायाचित्रात फक्त सापडलेले हरीण येते.

खरे सांगण्याची किंमत आज जिथे लगेच कळते, ती जागा म्हणजे माग काढणारी कुत्री. अनेक राज्यांत पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याने जखमी हरीण शोधायची मुभा आहे आणि युनायटेड ब्लड ट्रॅकर्ससारखी संघटना अशी कुत्री बाळगणाऱ्यांची यादी ठेवते. रात्री फोन गेला की कुत्रेवाला आधी प्रश्न विचारतो: बाण किती वाजता सुटला, नेमका कुठे लागला, रक्त कोणत्या रंगाचे, हरीण पाठ वाकवून गेले की उसळून, तुम्ही किती अंतर मागे चालून गेलात? शिकाऱ्याने बाण जिथे लागायला हवा होता ती जागा सांगितली, तर कुत्रे वेळेआधी रानात शिरते आणि आडवे झालेले हरीण उठून जाते. तो जिथे लागला ती जागा सांगितली, तर कुत्रेवाला म्हणतो, पहाटे निघू.