हैतीचे खाते

2025 साली हिंदीसक्तीवरून रान उठले, शिवरायांच्या किल्ल्यांवर युनेस्कोची मोहोर उमटली, मराठवाडा पुरात बुडाला. तिन्हींवर या अंकात पुढे लेख आहेत, म्हणून इथे थांबत नाही. वर्षभर डोक्यात भुणभुणत राहिले ते वेगळेच.

गुलामगिरीवरचा मराठी लेख हाती घ्या. गुलाम बिचारे, आणि त्यांना सोडवणारा कुणी दयाळू गोरा. बहुधा लिंकन. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, त्याला छाती लागत होती. आपण मात्र दीडशे वर्षे त्या अर्पणपत्रिकेपाशीच उभे.

हैती म्हणजे तेव्हाची फ्रान्सची कॅरिबियनमधली वसाहत सँ-दोमँग. इथली गोष्ट उलटी. तिथल्या गुलामांनी ऑगस्ट 1791 मध्ये मालकांचे उसाचे मळे पेटवले. पॅरिसने 1794 साली गुलामी रद्द केली ती हे बंड आवरेना तेव्हा. आणि 1802 मध्ये नेपोलियन ती परत आणायला निघाला. बंडाचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर फ्रान्सच्या तुरुंगात मेला, तरी 1 जानेवारी 1804 रोजी त्याचा सेनापती देसालीन याने हैतीचे स्वातंत्र्य जाहीर केलेच. 1805 च्या राज्यघटनेने तर सगळ्याच नागरिकांना ‘काळे’ ठरवले. नेपोलियनची फौज सोडून इकडे राहिलेले पोलिश सैनिकसुद्धा काळे! कातडीवरून माणसांची उतरंड लावणाऱ्यांची इतकी फजिती दुसऱ्या कुठल्या राज्यघटनेने केली असेल असे वाटत नाही.

त्याचा सूड 1825 साली निघाला. फ्रान्सचा राजा दहाव्या चार्ल्सने युद्धनौका धाडून 15 कोटी फ्रँक मागितले. कशाचे, तर मळेवाल्यांचे बुडालेले ‘धन’ भरून देण्याचे. त्या धनात माणसेही आली. म्हणजे सुटलेल्यांनीच मालकांना आपली किंमत चुकवायची! पुढे रक्कम 9 कोटींवर आली. पहिल्याच हप्त्यासाठी कर्ज काढावे लागले, तेही पॅरिसच्या सावकारांकडून. त्या देण्यापोटी उभी राहिलेली कर्जे फिटायला 1947 साल उजाडले. एप्रिल 2025 मध्ये, या मागणीच्या द्विशताब्दीला, फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग जाहीर केला. परतफेडीचे वचन दिले नाही.

अंकाचा विषय ‘हिशेब’, म्हणून वहीपूजनाच्या मुहूर्तावर हे खाते उघडले. ओढूनताणून जमवले म्हणाल, तर म्हणा.

पुढच्या अंकासाठी या विषयावर लिहिणाऱ्यांना एकच विनंती: लिंकन आता पुरे.