काटा खोटे बोलतो तेव्हा

पनवेलच्या आमच्या भाच्याने पिकअपला मोठे टायर बसवले. “मामा, कशी ऐटदार दिसते!” स्वारी खूश. मग मला शेजारी बसवून पुण्याच्या द्रुतगती मार्गाला लागली. काटा ८०च्या पुढे जाऊ दिला नाही, याला मी साक्षीदार. तरी चार दिवसांनी दंडाची पावती आलीच!

“कॅमेराच खोटा!” भाचा म्हणाला.

मी कागद-पेन्सिल घेतली. काट्याला रस्ता दिसत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो. जुन्या टायरचा व्यास ७० सेंटिमीटर. एका फेऱ्यात गाडी सुमारे २२० सेंटिमीटर जाई. नव्याचा ७७, म्हणजे २४२. आधी काटा बिनचूक असेल, तर तो ८० म्हणतो तेव्हा गाडी ८८ने पळत असते. शंभर किलोमीटर धावली, तरी नोंद ९१चीच.

“आठच ना, मामा?”

“अरे, वेग दहा टक्के वाढला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला एकवीस टक्के जास्त रस्ता लागतो. पुढे उभ्या माणसाला तुझा काटा दिसत नाही.”

भाचा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी जुने टायर चढले. वाचकहो, दंड स्वस्तातच पडला म्हणायचा!