थापी आमची, नाव दुसऱ्याचे!

सुदुंबऱ्यास संताजी महाराज जगनाड्यांची समाधी आहे. तेलाचा घाणा हाकणाऱ्या या पुरुषाने हाती टाक धरला व तुकोबांचे अभंग उतरून ठेवले, हे आम्ही दर मार्गशीर्षात टाळ कुटून सांगतो. पण समाधीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या गवंड्यास विचारा, "दादा, ठेकेदार म्हणून तुमच्या नावची नोंद आहे काय?" तो म्हणेल, "कागदाचे आमचे शेठ बघतात."

बंधूंनो, हे शेठ कोण? ज्याने जन्मात ओळंबा धरला नाही तो! मावळातले बंगले, गोदामे, कारखान्यांच्या शेडी वडाराच्या सुतकीने, सुताराच्या रंध्याने व गवंड्याच्या थापीने उभ्या राहतात. देयक मात्र शेठच्या नावाने निघते. आमच्या वाट्याला रोजंदारी, तीही शनिवारी अर्धी.

आमच्या लोकांना मक्ता झेपत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला जोतीराव फुल्यांचे नाव सांगा. या माळ्याच्या पोराने 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' चालविली व सरकारी बांधकामांचे मक्ते घेतले. इंजिनिअर खात्यातल्या लाचखोरीवर त्यांनी कोरडे ओढले, ते आत शिरून हिशेब पाहिल्यावर. बाहेर उभे राहून नव्हे.

आज सार्वजनिक बांधकाम खात्याच्या लहान कामांत काही वाटा मजूर सहकारी संस्थांचा व काही बेरोजगार अभियंत्यांचा ठरलेला आहे. कागदावर किती गोड! पण अशा संस्थेत घाम गाळणारे किती आणि पांढऱ्या कपड्यांतले 'मजूर' किती, हे ज्याने त्याने आपल्या तालुक्यात मोजावे. मुंबईत तर विधान परिषदेचा एक सभासदच मजूर म्हणून नोंदला गेल्याची फिर्याद 2022 साली पोलिसांत दाखल झाली. आणि जी संस्था शेकड्यावर टक्केवारी घेऊन आपले नाव शेठला वापरू देते, ती आमच्यांपैकी कोणाची असली तरी तिची भीड आम्ही ठेवणार नाही.

आता परवान्याचे ऐका. "ग्रामपंचायतीची पावती आहे, बांधा बिनघोर" असे दलाल सांगतो. 2015 साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झाले व मावळ त्यात गेला. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे. 1966 च्या नगररचना कायद्याचे 52 वे कलम घरमालकापाशीच थांबत नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून बिनपरवाना बांधणाराही त्यात गुन्हेगार ठरतो, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद! घर पाडले गेले तर मालकाचे कर्ज बुडते, गवंड्याचा शेवटचा हप्ता बुडतो. दलालाचे मात्र आधीच पोहोचलेले असते.

उलट, दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान जागेस 2020 च्या नियमावलीने मोठी सूट दिली आहे. जागेचे कागद चोख असतील तर नकाशा व शुल्क दाखल करून पोच घ्यायची, पुढे परवान्यासाठी खेटे नकोत. हे गरिबाच्या सोयीचे कलम गरिबाच्या कानी कोण घालतो? दलाल घालील काय? त्याचे पोटच आमच्या अज्ञानावर चालते!

आणखी एक चोरी सांगतो. 1996 च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर मजुरांसाठी शेकडा एक उपकर बसला. त्यातून मुलांच्या शिक्षणास व आजारपणास मदत मिळते, पण आधी मजूर म्हणून नोंद लागते, आणि नोंदीस वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला. शेठ वर्षभर राबवतो आणि दाखल्यावर सही मागितली की गावाला जातो.

पोरांना आयटीआयत घाला. ड्राफ्ट्समनची विद्या व पुढे कामाचा अनुभव यांवर पर्यवेक्षकाचा परवाना मिळण्याची वाट मोकळी आहे. घरातल्या एकाने तरी निविदा वाचायला शिकावे. आणि येत्या ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यास उभे राहून विचारावे: बांधकामाचे नियम व शुल्काचा तक्ता स्वच्छ मराठीत चावडीच्या भिंतीवर कोणत्या तारखेला लावता? उत्तर ठरावात लिहून घ्यावे व त्याची नक्कल मागावी.