टाइल्सच्या आधी

पाऊस ओसरला की लोणावळा, कर्जत, अलिबागकडच्या बंगल्यांमधून वास्तुविशारदांना आणि कंत्राटदारांना फोन सुरू होतात. वीस-पंचवीस वर्षांचा जुना स्विमिंग पूल मालकाला नव्या रूपात हवा असतो, तोही मे महिन्याच्या सुट्टीआधी. बोलणे टाइल्सच्या रंगापासून सुरू होते आणि पुष्कळदा अंदाजपत्रकही तिथेच संपते. पूल मात्र टाइल्सच्या मागे बिघडलेला असतो.

गळती ओळखायला एक बादली पुरते. ती पाण्याने भरून पूलच्या पायरीवर ठेवावी, आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खूण करावी, पंप बंद ठेवून चोवीस तासांनी पाहावे. बाष्पीभवन दोन्हीकडे जवळपास सारखेच; पूलची पातळी जेवढी जास्त उतरली तेवढी गळती. आठ बाय चार मीटरच्या पूलमध्ये एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे रोज 320 लिटर. पंप चालू ठेवून फरक वाढला, तर संशय पाइपलाइनवर घ्यावा.

यानंतर पूल रिकामा करण्याची घाई नको.

वरच्याच मापाचा, दीड मीटर खोल आणि 20 सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा पूल रिकामा असताना सुमारे 37 टन भरतो. भोवतालचे भूजल तळाच्या खालच्या बाजूपासून दीड मीटर वर असेल, तर ते त्याला सुमारे 55 टनांनी वर ढकलते. पाण्याचे वजन काढून घेतले की पूल उचलला जाऊ शकतो, तळाला तडे जाऊ शकतात, पाइप तुटू शकतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसानंतरही जमीन बराच काळ भिजलेली असते. शेजारच्या विहिरीची पातळी पाहावी, पूललगत एक खड्डा घेऊन खात्री करावी, मगच उपसा सुरू करावा.

रिकाम्या पूलमध्ये हातोडीने टाइल न् टाइल वाजवून पाहावी. पोकळ वाजेल तिथे फोडून सळईचा गंज तपासावा. शहाबादी फरशीचे जुने बॉक्स वॉटरप्रूफिंग असेल, तर नव्या दिव्यासाठी पाडलेले एक भोकही त्याला छेद देते. दिवे 12 व्होल्टचेच असावेत.

तळाच्या एकुलत्या एका ड्रेनला तर कोणत्याही नूतनीकरणात माफी नाही. अमेरिकेत 2002 साली सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या ड्रेनच्या ओढीत अडकून बुडाली. तिच्या नावाने 2007 मध्ये झालेल्या व्हर्जिनिया ग्रॅम बेकर कायद्याने ड्रेनच्या सुरक्षित झाकणांची सक्ती केली. आपल्याकडेही दोन ड्रेन, त्यांत किमान तीन फुटांचे अंतर आणि न तुटलेली, घट्ट बसलेली झाकणे हवीतच. पंप बदलायचाच असेल तर वेग कमी-जास्त करता येणारा घ्यावा. वेग निम्मा केला की विजेची गरज तत्त्वतः आठव्या हिश्श्यावर येते. फिल्टरला तेवढा प्रवाह पुरतो का, हे आधी तपासावे.

व्यावसायिक मित्रांना आमची विनंती एवढीच, की तपासणी ही अंदाजपत्रकातली पहिली आणि स्वतंत्र बाब असू द्या आणि तिचे शुल्क न संकोचता मागा. वॉटरप्रूफिंग पूर्ण झाल्यावर पूल सात दिवस भरून ठेवा, पातळी रोज लिहून मालकाची सही घ्या. टाइल्सची खोकी त्यानंतरच उघडा.