पाहणें आणि दिसणें

हिंवाळ्यांत आमच्या शाळेचे जादा तास सुटतात, तेव्हां सूर्य मावळलेला असतो. सायकलीवर निघालेल्या मुलास दिव्याविषयीं विचारावें, तर उत्तर ठरलेलें: “सर, मला रस्ता दिसतो कीं!” दिसत असेल, पण मोटार हांकणाऱ्यास तुम्ही दिसतां काय, हा आमचा प्रश्न आहे.

गेल्या जानेवारींत आमच्या एका विद्यार्थ्यास मागून आलेल्या टेंपोचा धक्का लागला. खांदा मोडला, जीव वांचला. “दिसलाच नाहीं हो,” असें चालक रडकुंडीस येऊन सांगत होता. तें खोटें नसावें.

मोटारीचे दिवे आपणांस लांबून दिसतात, म्हणून आपणही चालकास तितक्याच लांबून दिसत असूं, अशी मनाची समजूत होते. ती सर्वस्वी चुकीची आहे. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत १६ मीटरांहून अधिक अंतर कापते. कोणी म्हणेल, मुलाच्या अंगांत लाल स्वेटर आहे. परंतु संधिप्रकाशांत तांबडा रंग आधीं काळवंडतो, हें शास्त्रज्ञ पुर्किंये यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच दाखविलें आहे.

मागील रिफ्लेक्टर ही स्वस्त, पण मोठ्या युक्तीची वस्तु. प्रकाश जिकडून आला तिकडेच ती तो परत धाडते. पर्सी शॉ या इंग्रज गृहस्थानें १९३४ सालीं रस्त्यांत बसवावयाच्या ‘मांजराच्या डोळ्यां’चें पेटंट घेतलें, तेंही याच तत्त्वावर. परवां आम्हीं फाटकाशीं उभे राहून पाहिलें, तों कित्येक रिफ्लेक्टर चिखलानें माखलेले, आणि कांहीं तर कॅरिअरवरून लोंबणाऱ्या दप्तरांनीं झांकलेले! शिवाय आडव्या रस्त्यानें चौकांत शिरणाऱ्यावर मोटारीचा झोत वेळेवर पडत नाहीं. तेथें स्वतःचा दिवाच हवा.

मोटारवाल्यानें जपून हांकावें, हें आहेच. त्याची जबाबदारी आम्ही यत्किंचितही कमी करीत नाहीं. तथापि दिव्यावांचून कोणतीही सायकल संध्याकाळीं शाळेच्या फाटकाबाहेर जाऊं देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. पालकांस हें कडक वाटेल. आमचे वडील सांगत कीं, त्यांच्या तरुणपणीं बिनदिव्याच्या सायकलस्वारास पोलीस चौकांत अडवून दंड करीत, आणि त्या दंडाच्या धाकानें लोक दिवा बाळगीत. आतां तो धाक राहिला नाहीं, आणि वाहनें मात्र किती तरी वाढलीं. वाढदिवसास मुलाला नवी सायकल घेऊन देणारे पालक दिव्याच्या थोडक्या खर्चाशीं कां अडतात, हें आम्हांस उमगत नाहीं.

शाळा नियम करील तेव्हां करो. तोंवर सायकलींच्या शेडमध्यें आम्हीं एक ओलें फडकें टांगून ठेविलें आहे. जातांना प्रत्येकानें आपला रिफ्लेक्टर पुसावा, आणि दप्तर पाठीवर घ्यावें.