भविष्यवाणी कुणाची, खिंड कुणाची?

राजपुत्र, भविष्यवाणी, मंतरलेली तलवार : अद्भुत महाकथांचा नायक या तीन खुणांवरून पहिल्याच प्रकरणात ओळखू येतो, आणि मला तिथेच कंटाळा येतो. ज्याचं जिंकणं आधीच लिहून ठेवलंय, त्याने पणाला लावलं काय? याउलट नायक आपल्याच मातीत सापडतो. भोरहून वरंध घाटाकडे निघालं की नीरा-देवघरच्या जलाशयाकाठी हिर्डोशी लागते. हा हिरडस मावळ, बांदल देशमुखांचा मुलूख. त्यांचे बाजीप्रभू देशपांडे आधी शिवाजी महाराजांच्या विरोधात होते, असं परंपरा सांगते. नंतर त्यांनी बाजू निवडली; नायकपण मला त्या निवडीत दिसतं. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या महाराजांसाठी त्यांनी बांदलांच्या मावळ्यांसह घोडखिंड अडवली. बरोबरच्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत (पोवाड्यात जागा कमी, हे मान्य). आणि शिवा काशीद? महाराजांचं सोंग घेऊन पालखीत बसून शत्रूच्या हाती लागलेल्या त्या माणसाला पळायला खिंडसुद्धा नव्हती. अंगठीची महाकथा लिहिणाऱ्या टॉल्किनने १९५१ च्या एका पत्रात मुख्य नायक म्हटलंय ते फ्रोडोच्या माळ्याला, सॅमला. सिंहासनावर परतणाऱ्या अॅरागॉर्नला नव्हे. आपल्याकडच्या नव्या अद्भुत कादंबऱ्या मात्र अजून राजपुत्रच जन्माला घालताहेत. एखादीने शिवा काशीदच्या पालखीत बसून गोष्ट सांगावी, मी रांग लावून विकत घेईन.